सोनटक्का पाल्यानं माजलाय पण फुलं येत नाहीत, बेळगावच्या हवेत नेमकं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे मला बरोबर कळलाय का ते तुम्हालाही कळेल. टिळकवाडीत घर, घराच्या मागं उत्तरेला कंपाउंडपर्यंत चारेक फुटांचा पट्टा, त्यात तीन वर्षांपूर्वी सोनटक्क्याचे कंद लावलेत. पूर्वेला शेजाऱ्यांचा मोठा आंबा. पाला दणकून येतोय पण फुलं गेल्या वर्षी फक्त दोन दांड्यांना आली, ती पण टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपाजवळ. उन्हाळ्यात पानांची टोकं करपतात, वाईट दिसतं म्हणून होळी झाली की तुम्ही सगळं बुडातनं कापून टाकता आणि पाण्याची ओढ असते म्हणून मिरगापर्यंत तिकडं कोण बघत नाही. एकजण म्हणतोय सावली जास्त झाली, दुसरा म्हणतोय ऊन जास्त झालं, तिसऱ्यानं डीएपी खत टाका म्हणून सांगितलंय. सासूबाईंना सापाची धास्ती. आणि तुम्ही वैतागून विचारताय की हे सगळं उपटून अँथुरियम लावू का.

उपटू नका. तुम्ही जाता जाता लिहिलेली ती ओव्हरफ्लोच्या पाइपाची गोष्टच सगळ्यात महत्त्वाची आहे. त्या कोपऱ्यात सावली तीच, माती तीच, आंबाही तोच, फरक एवढाच की टाकी भरली की तिथं पाणी पडतं, बाराही महिने, आणि कापताना सुद्धा तो कोपरा हिरवागार दिसतो म्हणून बहुतेक तुमच्या हातनं वाचला असणार. मी बेळगाव आणि खानापूर बाजूला लोकांच्या बागा बघतो, स्वतःची लहानशी नर्सरी पण आहे, आणि सोनटक्का फुलत नाही ही तक्रार घेऊन जे येतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं दुखणं सावलीचं नसतंच. सोनटक्क्याला फुलं येतात पावसात, पण ती येणार का नाही ते ठरतं मार्च ते मे मध्ये. हे एकदा लक्षात घेतलं की बाकीचं सोपं आहे.

का ते सांगतो. सोनटक्का हा हळद-आल्याच्या घरातला. जमिनीत आडवा गड्डा असतो, त्याच्या डोळ्यातनं कोंब वर येतो, त्याची दांडी होते, पानं दोन बाजूंना एकाआड एक सुटत जातात, आणि ठरावीक पानं झाली की मग अगदी शेंड्याला हिरव्या खवल्यांचं कणीस येतं, त्यातनं फुलं. म्हणजे एका दांडीला एकदाच फूल, ते पण शेंड्यालाच. फुलून झालेली दांडी परत कधी फुलत नाही, ती आपोआप पिवळी पडून जाते. कोंब वर आल्यापासनं फुलापर्यंत पोचायला दांडीला साधारण चार-पाच महिने लागतात, जागा चांगली असली तर. आता हिशोब करा, मार्चमध्ये वर आलेला कोंब ऑगस्टमध्ये फुलावर येतो, म्हणजे श्रावण-भाद्रपद, गौरी-गणपती. आणि जो कोंब मिरगाचा पाऊस पडल्यावर डोकं वर काढतो तो वाढतो कधी, तर जून-जुलैमध्ये, जेव्हा आपल्याकडं आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही, वर आंब्याची सावली. तो बिचारा लांबट होतो, उजेडाकडं कलंडतो, पानं भरपूर काढतो, आणि फुलायची वेळ येईपर्यंत दिवाळीची थंडी सुरू होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, इथली थंडी रत्नागिरी-मालवणसारखी नाही, रात्रीचा पारा उतरला की सोनटक्का जाग्यावर थांबतो. मग होळीपर्यंत तो अर्धवट दांडा तसाच उभा असतो, टोकं वाळलेली, आणि तुम्ही येऊन कापता. दर वर्षी हेच. झाड मेलेलं नाही, आजारी नाही, तुम्ही त्याला फुलापर्यंत जाऊच देत नाही एवढंच.

आता तुम्ही म्हणाल की आमच्या आजीच्या परड्यात कोण उन्हाळ्यात सोनटक्क्याला पाणी घालत होतं? बरोबर आहे, मुद्दाम कोणच घालत नव्हतं. पण जुन्या घरात सोनटक्का लावलेला असायचा कुठं ते आठवा. शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या घरांत न्हाणीचं पाणी भिंतीतल्या भोकातनं मागच्या परड्यात सुटायचं आणि त्या पाटावर अळू, केळ, कर्दळ, सोनटक्का अशी सगळी मंडळी असायची. घरात आठ-दहा माणसं, सगळ्यांच्या आंघोळी, म्हणजे बारमाही ओल. कुणाला कळायचं पण नाही की आपण झाडाला पाणी घालतोय. आता सगळं पाणी पाइपातनं ड्रेनेजला जातं, परडं गेलं आणि चार फुटांचा पट्टा राहिला, आणि आपण म्हणतो पूर्वीसारखी झाडंच राहिली नाहीत. हे झाड मुळातच ओढ्याकाठचं आहे. हिमालयाच्या पूर्वेकडचा डोंगराळ भाग, ईशान्य भारत, तिथून दक्षिण चीनपर्यंत हा त्याचा मूळ मुलूख, आणि तिकडं ब्राझीलमध्ये नेऊन लावला तर ओढ्या-ओहोळांच्या काठानं एवढा पसरला की तिथं तो उपद्रवी तण म्हणून मोजतात. क्यूबाचं तर ते राष्ट्रीय फूल आहे. पाणी मिळालं तर याला आवरावं लागतं, लाडावण्याची गरज नसते.

सावलीचं पण बोलू, कारण दोन्ही सल्ले देणारे अर्धे अर्धे बरोबर आहेत. सोनटक्का सावलीतला म्हणून आपण सरसकट घराच्या मागं लावतो, पण सावली सावलीत फरक आहे की. भिंतीची सावली वेगळी, झाडाची वेगळी, पत्र्याखालची वेगळी. भिंतीच्या सावलीत वर आभाळ उघडं असतं, उजेड भरपूर मिळतो, ती चांगली. झाडाखाली ऊन चाळणीतनं आल्यासारखं ठिपक्या ठिपक्यानं पडत असेल तर ती पण चांगली, पण आंबा-फणस दाट असला तर खाली काळोख. पत्रा किंवा स्लॅबखाली फूल विसरा, तिथं पानं बघायची.

मी एक साधी परीक्षा करतो. दुपारी बाराच्या सुमाराला स्वच्छ ऊन असताना त्या जागी जमिनीवर पांढरा कागद ठेवायचा आणि त्याच्यावर फूटभर उंचीला हात धरायचा. हाताची सावली कडक, बोटंन् बोटं दिसण्याइतकी पडली तर ऊन जास्त. हाताचा आकार कळतोय पण कडा पुसट आहेत, तर जागा झकास. कागदावर काहीच उमटलं नाही तर तिथं सोनटक्का फुलणार नाही. ही परीक्षा तीनदा करा, आत्ता, एप्रिलच्या शेवटी, आणि जूनमध्ये उघडीप मिळाली तर तेव्हा. तीनदा का, तर उत्तरेच्या बाजूची एक गंमत आहे जी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपण म्हणतो उत्तरेला ऊन नसतं. हिवाळ्यात नसतं, खरं आहे, सूर्य दक्षिणेला असतो. पण मार्चच्या विषुवदिनानंतर सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवायला लागतो, आणि बेळगाव साधारण 15.85 अक्षांशावर असल्यामुळं मे च्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य सुद्धा आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे तुमच्या मागच्या पट्ट्यात डिसेंबरात पूर्ण सावली, आणि मे मध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन आणि दुपारी थोडं उभं ऊन. पानांची टोकं करपतात ती ह्याच दिवसांत. तुम्ही म्हणता सावलीतलं झाड करपतंय कसं, तर ते तेव्हा सावलीत नसतंच, आणि वर पायाखाली पाणी नाही.

पण हेच ऊन तुमच्या फायद्याचं आहे हे बघा. वर्षातला सगळ्यात जास्त उजेड त्या पट्ट्याला एप्रिल-मे मध्येच मिळतोय. त्या वेळी हिरव्या दांड्या उभ्या असल्या आणि खाली ओल असली तर त्या उजेडावर गड्डा पोसतो आणि दांडी फुलायला तयार होते. तुम्ही नेमक्या त्याच वेळी सगळं कापून कोरडं टाकलेलं असतं. त्यामुळं माझं उत्तर असं, सावली कमी पण करू नका, जास्त पण करू नका, पाणी सुरू करा आणि विळा बाजूला ठेवा. संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन फारच भाजत असेल तर त्या बाजूला दीड महिन्यापुरतं हिरवं शेडनेट उभं बांधा, पन्नास टक्क्यांचं पुरे. पावसाचे ढग जमले की काढून टाका.

पाणी किती? जमिनीतल्या बेटाला मार्चमध्ये आठवड्यातनं दोनदा, एप्रिल-मे मध्ये एक दिवसाआड, पण घातलं की वीतभर खोल जाईल असं घालायचं, पाइपानं वरवर धूळ बसवल्यासारखं नको. आपल्याकडं वळीव चांगले होतात, एखादा वळीव दणकून झाला की तीन-चार दिवस सुट्टी. पाण्याची टंचाई मला पण माहीत आहे, म्हणून सांगतो, भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी, पाण्याच्या फिल्टरमधनं वाया जाणारं पाणी चालतं, फक्त बोअरचं पाणी जड असलं तर त्या फिल्टरच्या पाण्यात क्षार आणखी जास्त असतात तेव्हा रोज तेच नको, मधनंमधनं नळाचं द्या. आंघोळीचं पाणी चालतं. वॉशिंग मशिनचं नको, पावडरचा सोडा जमिनीत बसतो. आणि आच्छादन पाहिजेच. आपल्या जिल्ह्यात उसाच्या पाचटाला काय तोटा नाही, एखाद्या टेम्पोवाल्याला सांगितलं तर पोत्यानं आणून टाकेल, नाहीतर भाताचं पिंजर, ते पण नसलं तर त्याच आंब्याचा वाळलेला पाला. चार बोटं जाड थर द्या, दांडीला चिकटवू नका, जरा लांब ठेवा. नुसत्या ह्या थरानं पाणी निम्म्यावर येतं असा माझा अनुभव आहे. शक्य असलं तर त्या ओव्हरफ्लोच्या पाइपाला अजून दहा-पंधरा फूट पाइप जोडून त्याला भोकं पाडून पूर्ण पट्ट्यात फिरवा, प्लंबर तासाभरात करून देईल आणि तुमचं निम्मं काम टाकीच करेल.

माती. घराच्या मागच्या पट्ट्यात माती अशी नसतेच, बांधकामाचा राडारोडा असतो, वर दोन बुट्ट्या तांबडी माती टाकून गवंडी निघून गेलेला असतो. खुरप्यानं एक फूट खोल उकरून बघा. पांढरे सिमेंटचे गोळे, प्लास्टरचे तुकडे, खडी लागली तर समजा जमीन चुनखडीसारखी झाली आहे. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळट दिसत असेल तर त्याचं कारण हेच असायची शक्यता जास्त, लोह जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही. मूठभर माती वाटीत घेऊन त्यावर व्हिनेगर ओता, फसफसलं तर चुना आहे, एवढ्याशा पट्ट्यासाठी लॅबमध्ये जायची गरज नाही. असं असेल तर दीड फूट खोल उकरून राडारोडा बाहेर, आणि आत निम्मी तांबडी माती, निम्म्यात कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत. कंपाउंडची भिंत काळी पडली असेल तर पांढरी करून घ्या, काळोख्या पट्ट्यात पांढऱ्या भिंतीचा उजेड चांगला उपयोगी पडतो, पण चुना मारू नका, पावसात धुऊन तो परत मुळातच येणार, साधा रंग मारा.

आंब्याची मुळं हा दुसरा विषय. वरच्या फूट-दीड फुटात आंब्याची बारीक मुळं जाळ्यासारखी असतात आणि तुम्ही घातलेलं पाणी-खत आधी ती पितात. पहारीनं उकरताना करंगळीपेक्षा बारीक मुळं लागली तर कापलीत तरी आंब्याला काय होत नाही, जाड मुळं लागली तर तिथं हात लावू नका, तिथं मोठा टब बुड कापून जमिनीत गाडायचा आणि त्यात कंद लावायचा. शेजाऱ्यांना सांगून खालच्या दोन-तीन फांद्या उतरवता आल्या, आंबे काढून झाल्यावर, तर उजेड वाढेल. नाहीच ऐकलं तर भांडू नका, त्याशिवाय पण जमतं.

आता डीएपी. डीएपीत नत्र आहे आणि स्फुरद फार, दाणे टाकल्यानं झाड काय मरत नाही, पण तुमची अडचण ती नाहीच, पाला आधीच माजलाय. सोनटक्का खादाड आहे हे मान्य, पण त्याला शेणखत आवडतं. मार्चमध्ये दर चार-पाच फुटाला एक बुट्टी कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, त्यात दोन मुठी निंबोळी पेंड. परत तेवढंच रोहिणीत, पाऊस लागायच्या आधी. जुलैत उघडीप बघून बेटाच्या कडेनं चमचाभर पोटॅश, बस. युरियाला हात पण लावू नका, दांड्या पिळपिळीत होतात आणि आषाढातल्या वाऱ्यात आडव्या पडतात. प्रेसमड मिळत असेल, साखर कारखान्याची मळी म्हणतात ती, तर निदान सहा महिने कुजवल्याशिवाय घालू नका, ताजी मळी गरम असते.

तीन वर्षं झालीत म्हणताय, म्हणजे बेट दाटलं पण असणार. मधले गड्डे एकावर एक चढून जमिनीच्या वर आले असतील, जुने, राखाडी, आल्याच्या वाळक्या तुकड्यासारखे. ते काढायची वेळ आत्ताच, फेब्रुवारी अखेर ते मार्च. सगळं बेट एकदम उपसू नका, निम्मं ह्या वर्षी, निम्मं पुढल्या वर्षी, नाहीतर सगळाच हंगाम जाईल. कुदळीनं कडेनं सैल करून गड्डा वर घ्या, माती झाडा, बघा, कडेचा भाग फिकट, टणक, गुलाबीसर डोळ्यांचा असतो, तो घ्या. दोन-तीन जिवंत डोळे असलेला चार-पाच इंचाचा तुकडा, त्यावर दांडी असेल तर वीतभर ठेवून छाटायची. कापलेली बाजू सावलीत एक दिवस वाळू द्यायची, राख लावली तरी चालेल. मग दोन इंच खोल, आडवा, डोळे वर, दोन तुकड्यांत दीड फूट अंतर. हळदीसारखा खोल पुरू नका. आणि निम्मं जे बेट तसंच ठेवताय त्यातल्या हिरव्या दांड्यांना ह्या वर्षी अजिबात हात लावायचा नाही, पानांची टोकं वाळली असतील तर कात्रीनं टोकं कापा. पूर्ण पिवळी, पोकळ झालेली, शेंड्याला जुन्या कणसाचा वाळका बुडखा असलेली दांडी तेवढी काढायची. कोणती फुलून गेलीय आणि कोणती राहिलीय हे शेंडा बघून कळतं, शेंड्याला गुंडाळलेलं नवीन पान असेल तर ती अजून चालू आहे.

कीड-रोग फारसे नाहीत पण तीन गोष्टींवर डोळा ठेवा. दांडीला टाचणीच्या डोक्याएवढं भोक आणि त्यातनं भुसा बाहेर, मधला शेंडा पिवळा, तर ती हळद-आल्यावर येते तीच खोडकिडीची अळी, ती दांडी मुळातनं कापून जाळून टाका, औषध मारत बसू नका. पान कडेनं दुमडून आत हिरवी अळी बसलेली दिसली तर ती एका काळ्या-पांढऱ्या फुलपाखराची, हातानं काढता येते, मी तर बऱ्याचदा सोडूनच देतो. तिसरं म्हणजे कंदकुज, पाऊस संपल्यावर दांडी ओढली की सहज हातात येते आणि वास मारते. वाहत्या पाण्याचं ह्याला वावडं नाही, पण राडारोड्यात साचून सडलेल्या पाण्याचं आहे. आणि कुणाच्या आल्याच्या शेतातनं आणलेले गड्डे ह्याच्या शेजारी लावू नका, आल्याचा मर रोग ह्याला पण लागतो.

साप. फुलाच्या वासानं साप येतो हे खरं नाही, सासूबाईंना सांगा. पण दाट, ओलसर बेटात बेडूक असतात, उंदीर असतात, त्यांच्या मागं साप येऊ शकतो, तेव्हा त्यांची भीती अगदीच अनाठायी आहे असं पण नाही. बेटाच्या खालची फूटभर पानं काढून बुडं मोकळी ठेवा, भिंतीपासून हातभर अंतर सोडा, विटा-फरश्यांचा ढीग तिथं ठेवू नका, रात्री फुलं काढायला जाताना बॅटरी घ्या. खरं तर रात्री जायचं कारणच नाही. दुपारी चारच्या पुढं कणसातनं लांबट पांढऱ्या कळ्या बाहेर आलेल्या दिसतात, छत्री मिटल्यासारख्या, त्या तेव्हाच काढायच्या आणि सोनटक्क्याच्याच ओल्या पानात गुंडाळून ठेवायच्या, दिवेलागणीला घरातच उमलतात. उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी पिवळसर पडून मलूल होतं, त्यामुळं कळीच बरी. पूर्ण कणीस तोडू नका ओ, एका कणसात रोज दोन-चार अशी बरेच दिवस फुलं येत राहतात.

हे सगळं मी बेळगाव शहर धरून लिहिलंय. जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस कितीतरी जास्त, तिथं फेब्रुवारी-मार्चमध्ये सुद्धा जमिनीत ओल असते, त्यांनी पाण्यापेक्षा उजेडाची काळजी करावी आणि आषाढात दांड्यांना काठीचा आधार द्यावा. निपाणी, चिकोडी, आणि त्याच्या पुढं रायबाग-अथणीला उलटं, काळी जमीन, कोरडा वारा, पाऊस बेळगावच्या निम्मा. तिथं वीतभर उंच वाफा करून वेगळी माती भरावी लागते आणि शेडनेटशिवाय उन्हाळा निघत नाही, मी तर तिकडच्या लोकांना मोठ्या टबातच लावायला सांगतो, अठरा इंच तोंडाचा, कारण काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात.

ज्यांना अजून एकही फूल आलेलं नाही त्यांनी आधी झाड सोनटक्क्याचंच आहे का ते बघावं. नर्सरीत सोनटक्का म्हणून पेव पण मिळतो आणि शोभेची वेलदोड्यासारखी झाडं पण. पेवाची पानं दांडीभोवती जिन्यासारखी गोल फिरत वर जातात, सोनटक्क्याची दोनच बाजूंना. पान चुरडल्यावर वेलदोड्यासारखा घमघमाट आला तर ते तिसरंच काहीतरी आहे. आणि सोनटक्क्याचं पान दांडीला जिथं मिळतं तिथं कागदासारखी पातळ, पारदर्शक, इंचभर जीभ असते, ती बोटानं बघा, एकदा बघितली की परत चूक होत नाही.

तुमचा क्रम सांगतो ताई. ह्या आठवड्यात उकरून राडारोडा बघा आणि निम्मं बेट फोडा. होळीच्या आधी शेणखत आणि पाचट. होळीनंतर विळा नाही, पाणी सुरू. ह्या वर्षी जे जुनं निम्मं बेट ठेवलंय त्यावर गणपतीच्या आसपास फुलं दिसायला हवीत, नवीन लावलेल्या निम्म्याची अपेक्षा ह्या साली कमीच ठेवा, एखादं कणीस आलं तर आलं. आणि ऑगस्ट अखेरपर्यंत जुन्या बेटाला पण काहीच दिसलं नाही तर मग उजेडच कमी आहे असं समजा, कागदाची परीक्षा काय सांगते ते मला कळवा, तेव्हा बेट ओव्हरफ्लोच्या बाजूला सरकवायचा विचार करू.

अँथुरियम लावायचंच असेल तर जरूर लावा, पण पुढच्या पोर्चमध्ये, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा भरलेल्या कुंडीत. मागच्या पट्ट्यात मे महिन्यात जे ऊन येतं त्यात त्याची पानं आठवड्याभरात पांढरी पडतील.